माझ्या पोटातली वाटणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, चांगला कपाटाएवढा. १९७८ साली मुंबईच्या एका कंपनीने मला काढून टाकले आणि मी ट्रकमधून हिंदकळत कुंडलजवळच्या साखर कारखान्यात आलो.

माझा ऑपरेटर लियाकत मोठा हुशार. त्याने माझ्या पोटात दोन भाग पाडले आणि प्रत्येकात वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालवली. एक ऊसतोडीच्या पाळ्या लावायची, दुसरी कामगारांची हजेरी ठेवायची. एक बंद पडली तरी दुसरी चालूच राहायची. बघायला लोक जमायचे. लियाकत छाती फुगवून सांगायचा, "याच्या पोटात वाटणी केलीया!"

तिथेच घोटाळा झाला. आमच्या भागात वाटणी म्हटले की भाऊ आलेच. आकाराम आणि नाथाजी या भावांची शेते नुकतीच वेगळी झाली होती. नाथाजीचा ऊस आधी तुटला आणि आकारामचा उभ्या जागी वाळू लागला. यंत्रातला एक वाटा नाथाजीने बळकावलाय, असे आकारामच्या मनाने घेतले.

भर दुपारी तो कोयता घेऊन आत घुसला. "नाथाजीचा वाटा कंचा हाय रं? दाव!"

"आवं दादा, ही कामाची वाटणी हाय, भावांची न्हाई!" लियाकत मला पाठीशी घालून उभा राहिला. कोयता त्याच्या हातावर बसला. दोन बोटे फरशीवर पडली. मग माझ्यावर घाव सुरू झाले. डिस्कचे झाकण फुटले, तारा तुटल्या, ठिणग्या उडाल्या. हजेरीची सिस्टिम जागीच मेली. मला ओरडताही आले नाही, याचा अजून संताप येतो!

पण पाळ्यांची सिस्टिम चालूच होती. छपाईयंत्र खडखडले आणि उद्याच्या पाळ्यांचा कागद बाहेर आला. लियाकतने तो रक्ताळल्या हाताने धरला.

"ऐका दादा. उद्याचं पयलं नाव तुमचंच हाय."

आकारामने कोयता फेकून दिला. "आरं देवा, म्या ह्ये काय केलं!"

पोलीस त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याचा ऊस तुटला. बांधावर उभे राहून तो तोडून घेतला नाथाजीने.

आता मी गोदामात पडून आहे. लियाकत कधीमधी येतो, उरलेल्या तीन बोटांनी माझी धूळ पुसतो. मित्रांनो, एखादा शब्द कळला नाही तर विचारा हो. विचारायला असे काय लागते? तेवढ्यापायी माझ्या लियाकतची दोन बोटे गेली.