तिसरी कुत्री

हवालदार फाटकाबाहेर पडला आणि आर्ची टेलफरने पायातला बूट काढून दारावर हाणला. बायको एफी चुलीपाशी एका अशक्त कोकराला बाटलीने दूध पाजत होती. तिने मानही वर केली नाही.

"दोनच," आर्ची म्हणाला. "कोल्हा उठवायला दोनच कुत्रे. तिसरा मागे दिसला की बंदुकीचा परवाना गेला. हा कायदा करणाऱ्यांपैकी एकाने तरी कोल्ह्याने अर्धवट खाल्लेलं कोकरू उचललंय का कधी? एडिनबरोला संसदेत उबेत बसून हात वर करायला काय जातंय."

"हळू बोल. तू ओरडलास की हे पीत नाही."

"आणि ती हिस्लॉपबाई. शाळेतून निवृत्त झाली, पण सगळ्या गावाची हजेरी घ्यायचं काही सुटलं नाही."

हिस्लॉपबाई ओढ्यापलीकडे राहायच्या. कायदा व्हावा म्हणून त्यांनी घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या होत्या, आणि तो झाल्यापासून रोज सकाळी फोन घेऊन दगडी कुंपणापाशी उभ्या असायच्या. हवालदार ज्यावरून आला होता ते चित्रण त्यांनीच पोलिसांना पाठवलं होतं. पुढे रॅन्टर आणि रिंगर, मागे बंदूक घेतलेला आर्ची, आणि त्याच्याही मागून जीव खाऊन पळत येणारी टॅन्सी, त्या दोन कुत्र्यांची आई. आर्चीने तिला गोठ्यात बांधली होती, अगदी देवाशपथ बांधली होती. तिने दोर चावून तोडला. साखळी घातली तर फळीच उचकटली. पोरं कोल्ह्यामागे निघाली की आपण मागे राहायचं, हे त्या म्हातारीच्या डोक्यात शिरत नव्हतं. शिरावं तरी कसं? कायदा करताना तिला कोणी विचारलं नव्हतं.

शिकारी कुत्रं घरात पाळायला कोणी घेत नाही. आर्चीने खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना विचारून पाहिलं होतं, पण प्रत्येकाच्या दारात आधीच एखादं जास्तीचं कुत्रं बांधलेलं. आता उरली गोळी. नाहीतर मग एफीने आत्ता तोंडातून काढलेली दुसरी वाट.

"बाई म्हणाल्यात, त्या ठेवून घेतील तिला."

"त्यापेक्षा मी गोळी घालेन."

"घाल ना. बंदुकीच्या कपाटाची किल्ली तुझ्याच खिशात आहे."

आर्ची गोठ्यात गेला. टॅन्सीने त्याच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि हा धटिंगण माणूस ढसाढसा रडला. सांगायला काय लाजायचं? दुपारी तो तिला घेऊन ओढा ओलांडून गेला.

बाईंनी दारातच टॅन्सीच्या गळ्यात नवाकोरा लाल पट्टा बांधला. "आता हिला जरा माणसासारखं जगायला मिळेल, टेलफर."

"ती कुत्री आहे, बाई. कुत्र्यासारखी जगत होती, आणि मजेत होती."

"रक्त सांडत."

"रविवारी चर्चच्या जेवणात कोकराची तंगडी दोनदा वाढून घेतलीत, ती काय झाडाला लागली होती?"

बाईंचा चेहरा तांबडालाल झाला. "हिला भेटायला येऊ नका. सवय मोडली पाहिजे तिची."

"तुमच्या दारात यायची मलाही हौस नाही," आर्ची म्हणाला, आणि टॅन्सीकडे न बघता निघाला.

त्याच आठवड्यात कोल्ह्याने आणखी एक कोकरू नेलं. सकाळी आर्ची बंदूक घेऊन टेकडीवर गेला. बरोबर रॅन्टर आणि रिंगर, कायद्याला अगदी धरून. कुंपणापाशी बाई होत्याच. वाळलेल्या नेच्याच्या झुडपांतून कोल्हा उठला, कुत्रे भुंकत सुटले, आणि बाईंच्या शेजारून टॅन्सी कुंपणावर चढली. पलीकडे उडी टाकून ती सुसाट निघाली.

आर्ची पोट धरून हसला. "काढा, बाई, नीट चित्रण काढा. तिसरी कुत्री शिकारीत. कोणाची हो?"

बाईंचा हात खाली आला. त्या टॅन्सीला हाका मारू लागल्या. टॅन्सीने कानसुद्धा हलवला नाही.

कोल्हा आता खाली रस्त्याकडे वळला होता, आणि वळणापलीकडून लाकडाच्या ट्रकचा आवाज येत होता. आर्चीने शीळ घातली. रॅन्टर आणि रिंगर जागच्या जागी थांबले. त्यांची शीळ वेगळी होती, टॅन्सीची वेगळी.

"तिलाही बोलवा," बाई ओरडल्या.

"मी कोण बोलावणारा? कुत्री तुमची आहे."

"मूर्खपणा करू नका, टेलफर. ती माझं ऐकत नाही."

"माणसासारखी जगवताय ना? मग ऐकेल की."

टॅन्सीची शीळ त्याच्या ओठांपर्यंत आली होती. त्याने ती दाबून धरली. या बाईने एकदा, फक्त एकदा आपल्यापुढे हात जोडावेत, एवढंच त्याला हवं होतं.

"पाया पडते तुमच्या," बाई म्हणाल्या.

मग त्याने शीळ घातली. कोल्हा तोवर रस्ता ओलांडून गेला होता. टॅन्सीने शीळ ऐकली आणि आयुष्यभर ऐकत आली होती तशी ती लगेच थांबली. भर रस्त्यात थांबली, आणि आर्चीकडे वळून बघू लागली. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, पण लाकडाने भरलेला ट्रक उतारावर असा एकाएकी थांबत नाही.

आर्ची पोचला तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. तो गुडघ्यावर बसला, तिला उराशी धरून उठला, आणि घराच्या दिशेने चालू लागला. धापा टाकत आलेल्या बाई त्याच्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"खाली ठेवा तिला."

"घरी नेतो. गोठ्यामागे पुरतो."

"कोणाच्या घरी? कुत्री माझी आहे. आत्ताच म्हणालात."

 आर्चीने टॅन्सीला गवतावर ठेवलं. बाईंनी अंगातला कोट काढून तिला गुंडाळलं. त्यांना ते वजन पेलवेना, तरी पुढे आलेला आर्चीचा हात त्यांनी झटकून टाकला. मग कोटाच्या बाह्या धरून, दर पावलाला थांबत, त्या तिला चढावर ओढत नेऊ लागल्या. आर्ची आपले दोन कुत्रे घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला.