रिपोर्टच्या आधीची आत्या

"रिपोर्ट हातात घेऊन जायचा, तोंडावर नाही," विमलाबाई सांगायच्या. "दारातूनच तुझा चेहरा दिसला, की समोरच्या बाईला पुढचं काही ऐकू येत नाही. आधी नंबर दोनदा वाच. मग बस. मग बोल."

विमलाबाई आमच्या प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टर. त्या निवृत्त झाल्या, पण एचआयव्ही तपासणीच्या खोलीचं कुलूप उघडताना मी अजून त्यांचं हे सांगणं मनात म्हणते. सकाळचा जप, तुळशीला पाणी, आणि मग हे. त्या खोलीत मी समुपदेशक आहे. शेजारच्या खोलीत सुखदेव रक्त तपासतो. आमच्या वहीत नावं नसतात, नंबर असतात.

अपेक्षा आली ती दोन हजार पाच साली, पाच महिन्यांची गरोदर असताना. तिचा नवरा उत्तरेश्वर खराडीच्या एका कंपनीची गाडी चालवायचा. रात्रपाळीच्या मुलामुलींना घरून आणायचं, पहाटे सोडायचं. राहायला वाघोलीत, गाव तुळजापूरकडचं. दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. अपेक्षा रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाळाचं काय?"

जे हातात होतं ते आम्ही सगळं केलं. कळा सुरू झाल्या तेव्हा तिला गोळी दिली, मुलगी जन्मली तेव्हा तिला औषधाचे थेंब दिले. अंगावर पाजायचं नाही, पहिल्या दिवसापासून वरचंच दूध, हे अपेक्षाने ठरवलं आणि पाळलं. गल्लीतल्या बायकांनी विचारून विचारून तिचा जीव खाल्ला. "दूधच आलं नाही," म्हणून तिने सगळ्यांची तोंडं बंद केली.

अडलं ते बारशाला. उत्तरेश्वरच्या एकुलत्या एका बहिणीला, यमुनाबाईंना, भावाचा आजार कळला होता. बाराव्या दिवशी त्या आल्याच नाहीत. आत्याच नाही तर बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? पाळणा भाड्याने आणला होता, तो तसाच परत गेला. मुलीला सगळे छकुली म्हणू लागले.

मूल नऊ महिन्यांचं असताना एका दुपारी दोघं माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. उत्तरेश्वरच्या हातात कुठल्याशा लॅबचा कागद होता.

"मॅडम, सगळं संपलं," तो म्हणाला. "पोरीलापण हाय."

"बसा आधी. कुणी सांगितलं तपासायला?"

त्याने कागद टेबलावर ठेवला. अपेक्षाच फणकारली. "यांच्या बहिणीने. म्हणाल्या, पोरीचं रक्त तपासून आण, चांगलं निघालं तर येते नाव ठेवायला. हे निघाले लगेच पोरीला खांद्यावर टाकून! मला सांगितलंसुद्धा नाही."

"ताईनं यावं वाटलं मला," तो खाली बघत म्हणाला. "त्यात काय चुकलं?"

मी कागद उलटा करून ठेवला. "तपासलंत ते चुकलं नाही, फार लवकर तपासलंत. अपेक्षाच्या शरीराने या आजाराशी लढायला जी प्रतिद्रव्यं तयार केली, ती पोटात असतानाच मुलीला मिळालीत. आईने बांधून दिलेली शिदोरीच म्हणा. ही तपासणी त्या शिदोरीलाच बघते. दीड वर्षात ती संपते. तेव्हा तपासू, तेव्हाचं खरं."

"म्हणजे नसेलही?"

"नसेलही. असेलही. आज मला माहीत नाही, आणि त्या लॅबवाल्यालाही माहीत नाही."

उत्तरेश्वरने तोंडावरून हात फिरवला. अपेक्षा मात्र कागदाकडेच बघत होती. "दीड वर्षाची होईपर्यंत पोर बिननावाची ठेवू? आणि असलाच आजार, तर मग कोण येणार आहे?"

"मी येईन."

तोंडातून गेलं ते गेलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

"रिपोर्ट काहीही येवो," मी म्हटलं. "तिच्या कानात नाव मी सांगेन. हवं तर उद्याच येते."

अपेक्षाने पदराने नाक पुसलं. "उद्या नको, ताई. रिपोर्ट आला की या. पण काहीही आला तरी या."

त्या दिवसापासून रिपोर्ट येईपर्यंत मी साखर सोडली. सुखदेवच्या ते चौथ्या दिवशीच लक्षात आलं.

"कौशल्याताई, चहा बिनसाखरेचा? डॉक्टरांनी सांगितलं की देवाने?"

"कुणीच नाही. मीच."

"बरं. म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही." आणि जरा वेळाने, "मुलीला गोळी आणि थेंब वेळेवर मिळालेत. वहीत मीच लिहिलंय ते. काम झालं असेल तर त्याने झालं असेल."

"हो रे बाबा. तुझ्या गोळीचं श्रेय मी कुठे घेतेय?"

खरंच घेत नव्हते. देवाला लाच द्यायची नसते, आणि रक्तात जे असतं ते साखरेने बदलत नाही. पण ती दोघं नऊ महिने कळ काढणार होती, आणि मला रोज दोन वेळा, चहा पिताना, त्यांची आठवण राहायला हवी होती.

दीड वर्ष भरलं. छकुली चालत आली. आल्या आल्या तिने माझ्या टेबलावरचा शिक्का पळवला. रक्त घेताना अशी किंचाळली, की बाहेरच्या बाकावरच्या तिघी गरोदर बायका उठून उभ्या राहिल्या. सुखदेव म्हणाला, "आवाजाचा रिपोर्ट उत्तम आहे. रक्ताचा तासाभराने."

तो तास मी वहीत रकाने आखत काढला. समोर अपेक्षा छकुलीला बिस्कीट भरवत होती. उत्तरेश्वर रात्रपाळी करून तसाच आला होता, भिंतीला डोकं टेकून डोळे उघडे ठेवून बसला होता.

सुखदेव दारात आला आणि मला आत बोलावलं. पट्टीवर एकच रेघ होती. मी कागदावरचा नंबर वाचला. नळीवरचा वाचला. पुन्हा दोन्ही वाचले. मग नळाखाली तोंड धुतलं, पुसलं, विमलाबाईंना आठवलं आणि बाहेर जाऊन बसले.

"अपेक्षा, तुझा नंबर सांग."

तिने सांगितला.

"मुलीला आजार नाही."

छकुलीने बिस्कीट खाली टाकलं. मग उत्तरेश्वर ओरडलाच, "नाही म्हणजे? नाहीच?"

"नाहीच."

त्याने मुलीला इतकं वर उचललं, की ती पंख्याला लागेल म्हणून मी ओरडले. समुपदेशकाने ओरडायचं नसतं. अपेक्षा हसत होती, रडत होती आणि मध्येच नवऱ्याला दटावत होती, "अहो, खाली घ्या तिला, आत्ता कुठे धड निघालीय!"

उत्तरेश्वरने तिथूनच बहिणीला फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "रविवारीच येते मी! पाळणा सजवून ठेवा, नाव मीच ठेवणार!"

अपेक्षाने फोन त्याच्या हातातून घेतला. तिचा आवाज अगदी साधा होता. "वन्सं, जरूर या. जेवायलाच या. पण कानात नाव आमच्या ताई सांगणार. त्या रिपोर्टच्या आधी हो म्हणाल्या होत्या."

पलीकडून "येते," एवढंच आलं.

"नाव काय ठरलंय?" मी विचारलं.

"राजनंदिनी," दोघंही एकदम म्हणाली.

"आणि गल्लीत कुणी विचारलं, या बाई कोण?"

"पुण्याची आत्या," अपेक्षा म्हणाली. "दुसरं काय सांगायचंय?"

"पण छकुली पाळण्यात मावायची नाही," सुखदेव म्हणाला. "पाय बाहेर येतील." असं म्हणत त्याने माझा चहा पुढे सरकवला. न विचारता दोन चमचे घातले होते. मला तो फार गोड लागला, तरी मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

रविवारी माझा जप रोजच्यासारखाच झाला, एक मणीही कमी नाही. तुळशीला पाणी घातलं. दीड वर्षाच्या मुलीला बसेल एवढी मोठी कुंची कुणी शिवत नाही, म्हणून ती मी हातानेच शिवली होती. ती पिशवीत ठेवली. खाली खडीसाखरेची पुडी.

"एवढ्या सकाळी कुठे?" घरच्यांनी विचारलं.

"भाचीच्या बारशाला," मी म्हटलं, दार हळूच ओढून घेतलं आणि वाघोलीच्या बसच्या थांब्याकडे चालू लागले.