दोन टोळ्यांची पहार

मी एक जुनी पहार आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा तिखटच आहे. भट्टीत लालबुंद होऊन, घणाखाली मार खाऊन जिचा जन्म झाला, ती गोड कुठून बोलणार?

माझं आयुष्य दगडाच्या खाणीत गेलं. वरची टोळी कड्यावरून धोंडे लोटायची आणि खालची टोळी ते फोडायची. मी वरच्या टोळीत होते, ज्याला सगळे दांडगा म्हणत त्या गड्याच्या हातात. तो फटीत माझं टोक घालून जोर लावायचा आणि खाली ओरडायचा, "हटा रे!" खालचे बाजूला झाले की मगच धोंडा सुटायचा. 'ही पहार एकटी दहा गड्यांना भारी' असं माझं कौतुक व्हायचं. तेव्हा मीही भाव खायची.

मग पाण्याच्या पिंपावरून दोन्ही टोळ्यांचं वाजलं. आधी पाणी कोणी प्यायचं, एवढंच कारण. एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. वरच्या टोळीने ठरवलं की खालच्यांशी एक शब्द बोलायचा नाही, जो बोलेल तो टोळीतून बाद. आणि मित्रांनो, ही माणसं इतकी हट्टी की धोंडा लोटतानाही कोणी तोंड उघडेना. ओरडण्याऐवजी खाली खडा टाकायचे.

खाली दोन भाऊ शेजारीशेजारी काम करायचे. थोरला आणि धाकटा. एका सकाळी दांडग्याने खडा टाकला. घणांच्या आवाजात तो थोरल्याला कळला नाही. दांडग्याने माझ्यावर भार दिला, धोंडा सुटला आणि थोरला त्याखाली चिरडला. धाकट्याने नखं तुटेपर्यंत तो धोंडा ओढला. तो हलवायला मी लागत होते, आणि मी तर वर होते.

त्या दिवशी खाणीत नुसती कत्तल व्हायची राहिली. फावडी, घणाचे दांडे, जे हाताला लागेल ते चाललं. एकाचे पुढचे दात गेले. एकाचा कान लोंबत होता आणि तरी तो मारतच होता. पुढे रोज कोणाचं ना कोणाचं डोकं फुटू लागलं.

खाणीच्या तोंडाशी लोहारीणमावशीची भट्टी होती. दर सुट्टीला दोन्ही टोळ्या बोथट हत्यारं घेऊन तिच्याकडेच यायच्या. तिने साफ सांगितलं, "इथे एकत्र बसून बोलायचं. जो बसणार नाही, त्याच्या हत्याराला धार नाही. फोडा दगड दातांनी."

अडला हरी, काय करणार? बसले सगळे. मला तेव्हा कोणी हात लावत नव्हतं, अपशकुनी म्हणत होते. मावशीने मलाच मधे ठेवलं. "बोलणाऱ्याने हिला दोन्ही हातांनी उचलून धरायचं. हात मोकळे राहिले की तुम्ही मेले मारामारी करता. आणि हात भरून आले की बोलणं आवरायचं."

"मावशी, पण ही पहार आहे," कोणीतरी पुटपुटलं.

"मला शिकवतोस? मीच घडवलीय ती."

पहिले काही आठवडे नुसत्या शिव्या झाल्या. मग हळूहळू कोणाचा खोकला, कोणाच्या मुलीचं बाळंतपण, असं काहीबाही निघू लागलं. धाकटा मात्र बोलायचाच नाही. तो मला उचलायचा, दांडग्याकडे बघायचा आणि खाली ठेवायचा. तो माझं वजन जोखत होता. मला भीती वाटायची.

एका सुट्टीला त्याने तोंड उघडलं. "तू ओरडला का नाहीस?"

"बोलायचं नाही असं ठरलं होतं," दांडगा म्हणाला.

"ओरडावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. गळ्यापर्यंत आलं होतं. टोळी काय म्हणेल म्हणून गिळलं."

धाकट्याने मला डोक्यावर उगारलं आणि घाव घातला. दांडग्याचं डोकं थोडक्यात वाचलं, खांदा फुटला. दगड फुटताना मी जन्मभर ऐकलेत. हाड फुटल्याचा तो आवाज मला अजून सोसत नाही. दोन्ही टोळ्या उठल्या. मला वाटलं, आता मुडदे पडणार.

दांडगा जमिनीवरूनच म्हणाला, "कोणी त्याला हात लावू नका. त्याचं बोलून झालेलं नाही."

धाकटा मटकन खाली बसला. मग तो संध्याकाळपर्यंत थोरल्याबद्दल बोलला, रडला, आणि दोन्ही टोळ्यांनी ते बसून ऐकलं.

पुढच्या सुट्टीला दांडगा हात गळ्यात बांधून आला. त्याची पाळी आली. एका हाताने मी कुठली उचलली जाणार? मावशी नियम सोडायला तयार नव्हती. तेव्हा धाकटा उठला आणि त्याने माझं दुसरं टोक उचलून धरलं. दांडग्याचं बोलणं होईपर्यंत त्याने ते खाली ठेवलं नाही.

आता खाणीत यंत्रं आली आहेत आणि मी भट्टीमागे गंजत पडले आहे. मला तेलपाणी केलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, त्याच्याकडे आजच जा. भांडायचं तर भांडा, शिव्या द्यायच्या तर द्या, पण तोंड उघडा. त्या सकाळी वरून नुसती एक शिवी आली असती, तरी थोरल्याने मान वर केली असती.