भातातली बाटली

माझं नाक फार तिखट आहे. त्याचा मला लहानपणापासून तोरा होता. मी रसायनीच्या कारखान्यांशेजारी, मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढले. वारा कुठून येतोय त्यावरून आज कुठल्या कंपनीत काय शिजतंय, ते आम्ही पोरं न बघता सांगायचो. याच नाकानं गेल्या उन्हाळ्यात माझ्या संसाराची वाट लावायला घेतली होती, म्हणून सगळं सांगून टाकते.

माझ्या सासऱ्यांना, बाबांना, व्हिस्कीची आवड आहे. आवड म्हणजे महिन्यातून एक पेग. महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळचे पाच, मागची पडवी. स्टीलचा छोटा पेला, अर्धी व्हिस्की आणि अर्धं माठातलं पाणी. बर्फ नाही. बर्फानं ती मुकी होते, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात सोबत तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. तेवढा एक पेला ते तासभर पुरवतात आणि मग समोरच्या जांभळाकडे बघत बसतात. सत्तरीच्या माणसाला एवढं सुख असावं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

दिवाळीला माझी नणंद जागृती मस्कतहून आली. ती तिकडे नर्स आहे. तिनं विमानतळावरून बाबांसाठी एक भारी बाटली आणली. जाड काच, कागदावर शिडाचं जहाज आणि लाकडी टोपीचं बूच. भाऊबीजेला बाबांनी ती फोडली. तेव्हापासून दर महिन्याला ते पेला भरायच्या आधी बाटली उजेडात धरून बघायचे, जहाजाला पाणी कुठवर आलंय ते.

हा कार्यक्रम चालायचा विपुल घरात नसताना. विपुल माझा नवरा. त्याला मी नावानं हाक मारते, यावर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सात वर्षांत जे काही बोलून व्हायचं ते बोलून झालंय. विपुल पूर्वी प्यायचा. पगाराच्या दिवशी त्याला आणायला बाबांना जावं लागायचं, इतकी प्यायचा. आमची नम्रता झाली त्या आठवड्यात त्यानं सोडली. कुणी शपथ घातली नाही, नवस नाही. नुसती सोडली. खालापूरजवळच्या गोदामात तो सुपरवायझर आहे. वाटेत एक परमिट रूम लागते. ती चुकवायला तीन वर्षं तो लांबच्या रस्त्यानं भिसेगावला घरी येतोय. पहिल्या रविवारी पाच वाजता तो नम्रताला घेऊन नदीवर जायचा. बापलेकांनी हे न बोलता ठरवलेलं होतं.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की पत्र्याखालच्या शोकेसची काच हाताला चटका द्यायची. जागृतीनं फोनवर सांगितलं, "बाबा, बाटली गार जागी ठेवा, काळोखात. उन्हानं चव जाते." आता गार जागा आणायची कुठून? फ्रीज म्हटलं की आई उसळल्या. "पोरीचं दूध हाय, देवाचं लोणी हाय. त्याच्या मांडीला लावून दारू ठेवू? आनि विपुल दिवसातनं दहादा फ्रीज उघडतो. त्याच्या नजरंला कशाला?"

मग आईंनीच जागा काढली. मागच्या खोलीत भाताची, म्हणजे सालासकट तांदळाची, दोन पत्र्याची पिंपं आहेत. आमच्याकडे भाताच्या पिंपात हात घालायचा मान घरच्या मोठ्या बाईचा. आई हयात असेपर्यंत मी झाकणाला बोट लावणार नाही, आणि लावलेलं आईंना चालणारही नाही. कोपरभर भात उकरलं की आत किती गार असतं, हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी एकटीनं बाटली आत पुरली, वरून भात सारखं केलं, वाकडं झालेलं झाकण जमेल तसं दाबलं आणि तपकिरीची चिमूट ओढत बाहेर आल्या.

मे महिन्याचा पहिला रविवार आला. आईंनी बाटली काढून पदरानं पुसून बाबांच्या हातात दिली. बाबांनी उजेडात धरली आणि धरूनच राहिले. गेल्या महिन्यात शिडापर्यंत होती. आता जहाज अख्खं कोरडं होतं. चार बोटं तरी गेली होती.

त्यांनी पेला भरला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "घरात माणसं किती, गं?"

मी, आई, ते, नम्रता. आणि विपुल.

"मी त्याला इचारनार नाय," बाबा म्हणाले. "एकदा इचारलं तर परत तोंड बघता येनार नाय. तू जरा ध्यान ठेव." बाटली परत भातात गेली. बाबा रिकामाच पेला विसळायला घेऊन गेले. त्यांना व्हिस्कीचं दुःख नव्हतं, ते मला कळत होतं.

मग माझं नाक कामाला लागलं. मागच्या खोलीतच खुंटीवर विपुलचे कामाचे शर्ट असतात. दुसऱ्या दिवशी मी शर्ट नाकाजवळ नेला. घामाचा वास होता, ग्रीसचा होता आणि त्यांच्याखाली, नक्की, व्हिस्कीचा होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी थांबले नाही. तो हातपाय धुऊन आला, तसा शर्ट त्याच्यापुढे धरला.

"कधीपासनं चालू केलीस?"

"काय?"

"वास घे."

त्यानं घेतला. पुन्हा घेतला. त्याचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा म्हणजे कबुली, असं मी धरून चालले.

"मला पन येतोय वास," तो हळू म्हणाला. "पन मी नाय घेतली, हर्षला."

"मग शर्टानं घेतली?"

हे मी बोलले. तीन वर्षं ज्याच्या लांबच्या वळशावर मी मनातल्या मनात जीव ओवाळून टाकत होते, त्या माणसाला मी हे बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, माझ्याकडे वाकला, तोंड उघडलं आणि "हा" केलं. नाक्यावर पोलीस नळी पुढे करतात, तसं. मला चहाचा वास आला, बडीशेपेचा आला. मग तो आत गेला. पुढच्या दिवशी तेच. रागानं नाही, नाटक नाही. बाबा त्या वेळी मागच्या पडवीत असायचे, त्यांना यातलं काही दिसायचं नाही. मी 'पुरे कर' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं, कारण शर्टाला वास येतच होता, आणि मला खातरी हवी होती. असे सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी घरातले तांदूळ संपत आले, म्हणून आईंनी त्या पिंपातलं वरवरचं भात पोत्यात भरून दिलं. मी स्कूटीवर घालून गिरणीवर नेलं. गिरणीवाल्या मनोजनं पोतं सोडलं, पसाभर भात हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघायला लागला.

"वैनी, भाताला काय पाजलंत?"

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. मी पसा नाकाशी नेला. घाम नव्हता, ग्रीस नव्हतं. निव्वळ व्हिस्की होती. पोतं तिथंच टाकून मी घरी आले आणि सात वर्षांत पहिल्यांदा, आईंना न विचारता, पिंपाचं झाकण काढलं.

बाटली आडवी होती. पाळण्यात पोर निजवावं, तशी आडवी. बुचाजवळच्या भाताचा ओला गड्डा झाला होता. बूच बोटानं दाबलं, तर शिळ्या भाकरीसारखा त्याचा चुरा झाला. आणि पिंपाच्या बरोबर वर, हातभर अंतरावर, विपुलचे शर्ट लटकत होते.

माझी हाक ऐकून बाबा आणि आई दोघंही आले.

"आडवी ठेवलीस?" बाबा म्हणाले.

"मंग? अढीत आंबं उभं लावते का मी?" आई म्हणाल्या. "आडवं गार र्‍हातं. मला कुटं वास येतो, माजं नाक तपकिरीनं बंद."

बाबा तिथंच जमिनीवर बसले. रसायनीला त्यांनी तीस वर्षं गोडाऊन सांभाळलं होतं. "रोज पोरांवर वरडायचो," ते म्हणाले, "ड्रम उभा ठेवा, तोंड वर ठेवा, गरमीत माल बुचाला खातो. आनि घरात डोकं चाललं नाय. पोरावरच गेलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

संध्याकाळी बाबा माझ्याबरोबर दाराशी येऊन उभे राहिले. विपुलनं गाडी लावली, चपला काढल्या, उंबऱ्याशी आला. बाप समोर दिसला तसा क्षणभर अडखळला. तरी माझ्याकडे वाकला आणि "हा" केलं.

बाबांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना माझ्याकडे बघवेना.

मी भाताचा तो गड्डा विपुलपुढे धरला. सगळं सांगितलं, रडत, पुढचं मागं करत. मला वाटलं तो हसेल, नाहीतर चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं भाताचा वास घेतला आणि पायरीवर बसला.

"मी सतरा दिवस माझ्याच तोंडाचा वास घेतोय," तो म्हणाला. "गोदामात, गाडी थांबवून, हात असा तोंडापुढं धरून. मला वाटाया लागलेलं, झोपेत उठून घेत तर नसंन मी? माझाच माझ्यावर भरोसा नव्हता र्‍हायला, गं."

मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा हात धरला. त्यानं सोडवला नाही. बाबा म्हणाले, "वतून टाकतो मी ती बाटली."

"नको," विपुल म्हणाला. "जागृतीनं आनलीय. तुमी प्या. पन बाबा, मी नदीवर गेलो का मग नका बसू. मला चोरासारखं वाटतं. मी असताना बसा."

त्या दिवशी रविवार नव्हता, पहिला तर नव्हताच. तरी पडवीत पेला आला, माठातलं पाणी आलं. बापाशेजारी लेक कोकम सरबत घेऊन बसला. नम्रता दोघांच्या मांड्यांवरून चढउतार करत होती. आईंनी बाटलीला नवं बूच बसवलं आणि ती माझ्या हातात दिली. "उभी ठेव गं तुज्या हातानं," म्हणाल्या आणि पिंपाच्या झाकणाकडे मान केली. शर्टांची खुंटी मी दुपारीच पुढच्या खोलीत हलवली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कैरी चिरून, तिखटमीठ लावून दाराशी उभी होते. विपुल आला. सगळं मिटलं होतं, त्याला ठाऊक होतं. तरी उंबऱ्याशी पाय थांबले, मान माझ्याकडे वाकली, तोंड आपोआप उघडलं.

मी त्यात कैरीची फोड घातली.