दगडामागचे आगंतुक

कवळीवाल्याच्या टाकीत पुन्हा कोणीतरी आलं होतं, आणि या खेपेला एकटंदुकटं नव्हे, अख्खी पलटण आली होती.

कवळीवाला हे नाव त्याला खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपने दिलेलं. दिवसभर तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायचा आणि घरी आला की बैठकीच्या खोलीतल्या चार फुटी टाकीपुढे स्टूल टाकून बसायचा. मासे म्हणाल तर त्यात तीनच. त्याचा सगळा जीव प्रवाळांत. आता प्रवाळं यायची समुद्रातल्या दगडासकट, आणि त्या दगडाच्या भोकांत कोण कोण दडून आलंय ते निघेल तेव्हाच कळायचं. वर्षभरात त्याने एक केसाळ किडा, नखाएवढे तारामासे आणि एक चोरटा खेकडा एवढे ओळखून काढले होते. फ्रिजवर त्यांची यादी होती, प्रत्येकापुढे 'उपद्रवी' किंवा 'निरुपद्रवी' अशी नोंद. बायकोने त्यात एकदा त्याच्या काकांचं नाव घालून पुढे 'उपद्रवी' लिहिलं होतं.

पण हे नवे काही केल्या यादीत बसेनात. मोठ्या दगडाच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे, बोटाच्या पेराएवढे फिकट कोंब. अंग आखडून बसलेले. पहिल्या आठवड्यात पाच होते, महिना भरेपर्यंत चौदा झाले. आणि त्याच महिन्यात त्याचं सगळ्यात लाडकं, झाडासारखं मऊ प्रवाळ फांदी फांदी करत कमी होत चाललं होतं. ते एवढं व्हायला तीन वर्षं लागली होती, त्यामुळे त्याचं डोकं फिरलं होतं.

त्याने मान वाकडी करकरून फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. मग काय, एकेकाने अकलेचे तारे तोडले. एक म्हणाला स्पंज. दुसरा म्हणाला किड्याच्या नळ्या. तिसऱ्याने फोटो न बघताच 'पाणी बदला' म्हणून सांगितलं. हा गृहस्थ प्रत्येकाला पाणीच बदलायला सांगायचा. 'पाणघोडा' या टोपणनावाचा एक जुना जाणता होता, तो रोज मत बदलायचा आणि रोज तितक्याच ठामपणे सांगायचा.

हे सगळं चालू असताना त्याची आई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असायची. एकतीस वर्षं तिने रोपवाटिका चालवली होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती विकली आणि सहा महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या या घराला गॅलरीसुद्धा नव्हती. आता रविवारी ती त्याच्या बहिणीकडे कायमची जाणार होती. भांडण नाही, तंटा नाही. "इथे मला काही कामच नाही रे," एवढंच तिचं म्हणणं. ती जायला नको होती त्याला. रात्रंदिवस ते मनाला खात होतं, पण तिला म्हणायचं कसं ते सुचत नव्हतं, आणि सुचेपर्यंत तो कोंब मोजत बसायचा.

"काय शोधतोस एवढं?" तिने एकदा विचारलं होतं.

"किडेबिडे आहेत गं. तुला नाही कळायचं."

आईने खिडकीकडे तोंड वळवलं होतं.

शुक्रवारी पाणघोड्याने शेवटचा निकाल दिला. समुद्रफुलंच आहेत, दिसायला फुलं पण जातीने शिकारी प्राणी, तीच प्रवाळ खातायत, चुन्याची दाट पेस्ट सिरिंजमध्ये भर आणि एकेकाच्या तोंडात सोड. कवळीवाल्याने लॅबमधून सिरिंज आणली आणि टाकीशेजारी ठेवली.

"ही कशाला?" आईने विचारलं.

"त्या मागच्यांना उद्या दुपारी संपवायला."

"मारायलाच हवेत का?"

"आई, प्लीज. महिनाभर मी यावर वाचतोय."

ती उठली आणि आत जाऊन बॅग भरायला लागली.

शनिवारी सकाळी फिल्टरच्या तोंडाशी त्याला त्या प्रवाळाची एक फांदी अडकलेली सापडली. कोमेजलेली, पण तुटलेलं टोक शाबूत होतं. त्याने ती खाऱ्या पाण्याच्या डबीत घातली आणि लॅबमध्ये नेली. चावणारा कोणीही असो, दाताची खूण सोडणारच, आणि दाताच्या बाबतीत त्याला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता.

भिंगाखाली दाताची खूण नव्हती. ओरखडा नव्हता, कुरतडल्याचं नव्हतं, नांगीने चेंगरल्याचंही नव्हतं. एका घावात झालेला गुळगुळीत, तिरका काप होता. त्याने फांदी फिरवून फिरवून पाहिली. असा कुठला प्राणी चावतो? जवळजवळ वीस मिनिटं तो जगातले सगळे खेकडे आठवत बसला. मग त्याचा उजवा हात आपोआप कात्री धरल्यासारखा वळला, आणि त्या हातावर दुसरा, मातीने खरखरीत झालेला हात असल्याचं त्याला आठवलं. तेव्हा तो सात वर्षांचा होता. 'सरळ नाही कापायचं. तिरकं काप. वर पाणी साचत नाही, फांदी लवकर धरते.'

त्याने मोबाइलवर कोंबांचा फोटो उघडला. सात-सातच्या दोन ओळी. प्रत्येक दोन कोंबांत दोन बोटांचं अंतर. समुद्रातून आलेलं कुठलं फूल बोटं मोजून उगवतं? शेकडो वेळा त्याने तो फोटो मोठा करून पाहिला होता. स्वतःला त्याने जी शिवी हासडली ती शेजारच्या टेबलावर ऐकू गेली. तीन कॅप अर्धवट टाकून तो घरी निघाला.

आई बॅगेची चेन ओढत होती. त्याने डबी तिच्यापुढे धरली.

"ही तू कापलीस."

आईने चष्मा लावून पाहिलं. "हो. ही नाही धरली. सोळा कलमं लावली होती, दोन गेली. झाडाला असतो तसा कोंब फुटायचा डोळा नाही याला, अंदाजाने कापलं."

"कधी?"

"दुपारी. तुम्ही दोघं कामावर गेलात की. कात्री गरम पाण्याने धुवून घ्यायचे."

"अगं, मग सांगायचं नाही? महिनाभर मी भिंतीवर डोकं आपटतोय. सगळ्या जगाला विचारत सुटलोय."

"जगाला विचारलंस," आई म्हणाली. "मी चार हातांवर बसले होते."

त्याने डबीचं झाकण उघडलं.

"मला वाटलं, काप बघशील आणि ओळखशील," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "काल सिरिंज आणलीस तेव्हा कळलं, नाही ओळखणार. म्हटलं जाऊ दे. त्याची टाकी आहे."

तो पलंगावर बॅगेशेजारी बसला. चीड अजून उतरली नव्हती, फक्त ती कोणावर काढायची ते आता त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आई, मला तू इथेच हवी आहेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. नाही बोललो."

डबीतली कोमेजलेली फांदी आईने बोटाने जरा हलवून पाहिली.

"तिकीट तुझ्या बहिणीने काढलंय. तिला तूच सांग."

त्याने फोन लावला. पलीकडून बहीण घाबरून म्हणाली, "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. उद्या येत नाहीये ती."

"का?"

त्याने आईकडे पाहिलं. ती उठून बाहेरच्या खोलीत गेली होती आणि गुडघ्यावर हात टेकून, भिंतीकडच्या फटीतून टाकीमागे वाकून बघत होती.

"तिचं काम आहे इथे," तो म्हणाला.