खाऊचा खण

आजारी माणसाला भेटायला जाताना लोक डोकं घरी ठेवून का निघतात, हे मला अजून कळलेलं नाही. घशाचं ऑपरेशन झालेल्या, पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न घेणाऱ्या बाईला भेटायला यायचं, आणि हातात काय? बिस्किटांचा डबा. नाहीतर चॉकलेटं. माझ्या मेहुणीने तर टॉफ्यांची बरणी आणली. धडधाकट माणसाचा दात हातात यावा इतक्या चिवट टॉफ्या. वर म्हणते कशी, "ताईला लहानपणापासून आवडतात."

बायकोने मात्र प्रत्येक डबा हसून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचा मधला खण माझ्याकडून मोकळा करून घेतला. त्या खणाला कुणी हात लावायचा नाही. "नळी निघाली की मी खाणार," ती सगळ्यांना सांगायची. रेडिएशननंतर तिचा आवाज कुजबुजीएवढाच उरलाय, पण हुकूम सोडायला तेवढा पुरतो.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बिघडलेला भाग काढायचा, फेकायचा, नवा बसवायचा, एवढंच मला समजतं. त्यामुळे त्या खणावरून आमची रोज जुंपायची. बिस्किटं सादळली, चॉकलेटं पांढरी पडली, मुंग्यांना पत्ता लागला, तरी बाईसाहेब ढिम्म. मी कचऱ्याची पिशवी घेऊन कपाटापाशी गेलो की ती टेबलावर चमचा आपटायची. "अहो, खबरदार!"

परवा तिची गिळण्याची तपासणी होती. यंत्रासमोर बसवून पांढरं औषध प्यायला देतात आणि ते घशातून नेमकं कुठे जातं ते पडद्यावर बघतात. मी तेव्हा नेमका खाली औषधांच्या रांगेत अडकलो होतो. वर आलो तर ती बाहेर बाकावर येऊन बसलेली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बघू म्हणाले."

डॉक्टर दुसरं काय म्हणणार, असं मला वाटलं. मी पुढे विचारलं नाही.

काल सकाळी तिचं नळीतून खाणं झालं आणि नळीला बूच लावता लावता ती म्हणाली, "आज तो खण रिकामा करू या."

मला काय आनंद झाला! म्हटलं, आली एकदाची अक्कल. जिंकलो या थाटात पिशवी घेऊन धावलो.

"फेकायचं नाही हो. चांगला खाऊ आहे. त्याची वडी करा."

"मी?"

"मग काय लिफ्ट करणार?"

ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. मी एकेक डबा उघडून तिच्या नाकाखाली धरायचा. तिचं नाक शाबूत आहे. दोन डबे खवट निघाले, ते तिने मुकाट्याने बाजूला सारले. चॉकलेटांवरचा पांढरेपणा म्हणजे बुरशी नव्हे, आतला स्निग्धपणा वर आलेला, वितळलं की जाईल, हे तिने मला ऐकवलं. सादळलेली बिस्किटं तव्यावर कुरकुरीत करून घ्यायची, कापडात गुंडाळून लाटण्याने चेचायची. चॉकलेट थेट आचेवर नाही, गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवायचं. मला हे जमतंय याचंच मला कौतुक वाटत होतं. मी चक्क शीळ घालत होतो.

"टॉफ्या दुधात शिजवा आणि त्यात घाला," ती म्हणाली.

"त्या राहू दे. त्या तुझ्या आवडीच्या. आणि टॉफी टिकते."

"घाला."

"अगं, नळी निघाल्यावर—"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मी गाढव म्हणजे गाढवच. सकाळपासून शीळ घालत होतो.

"डॉक्टर खरं काय म्हणाले?" मी विचारलं.

"नळी राहणार. कायमची. घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जातंय. मीच त्यांना म्हटलं, यांना मी सांगते."

"दुसरा डॉक्टर बघू. मोठ्या दवाखान्यात जाऊ."

"तोच मोठा दवाखाना आहे. हात चालवा, चॉकलेट आळतंय."

मी बरणी छातीशी धरून उभा राहिलो. इतके दिवस फेक फेक म्हणून डोकं खाणारा मी, आता एवढी एक बरणी तरी ठेवू या म्हणून तिच्या विनवण्या करत होतो. मला रडू आवरेना. हिच्या घशात काढून बदलता येईल असा कुठलाच भाग नव्हता. ती उठली, माझ्या हातातून बरणी घेतली आणि एकेक टॉफी सोलून दुधात टाकायला लागली. कागद चिकटून बसले होते. शेवटी मीही सोलायला बसलो.

वड्या फ्रीजमध्ये घट्ट झाल्यावर तिने मला ताट घेऊन जिन्यातल्या सगळ्या घरी पाठवलं. शेजारच्या मास्तरांनी दारातच एक वडी तोंडात टाकली. "वहिनींच्या हाताला चव आहे बरं का," म्हणाले. मी हो म्हटलं.

परत आलो तेव्हा ताटात थोड्याच वड्या उरल्या होत्या.

"तुम्ही खाल्लीत?" तिने विचारलं.

"नाही."

"बसा इथे. माझ्यासमोर खा."

मी तिच्यासमोर बसून वडी तोडली.

"कशी झालीये?"

"चांगली."

"चांगली म्हणजे?"

"गोड."

"गोड तर असणारच हो. आधी जिभेला काय लागतं? बिस्किट कुरकुरतंय का? टॉफी कळते का?" तिने डोळे मिटून घेतले. "नीट सांगा. सावकाश."

"आधी जरा कडवट लागतं."

"ते चॉकलेट. मग?"

"मग दूध. दुधासारखं काहीतरी."

"हं. मग?"

मी चावत राहिलो. टॉफी होती, दाताला चिकटत होती, पण ती लागते कशी ते मला सांगता येईना. तिने डोळे उघडले नाहीत.

"सांगा ना," ती म्हणाली.

मी दुसरा तुकडा तोंडात घातला.