गालातल्या शिट्ट्या

गणपतीच्या नाटकात कजाग सासूचं काम विजयाला मिळालं, तेव्हा मंडळात कुणी हूं की चूं केलं नाही. तिच्याएवढा खणखणीत आवाज कारखान्याच्या वसाहतीतल्या सगळ्या सेक्टरात फक्त प्लांटच्या भोंग्याला होता. पण तालमी रंगात आल्या आणि तिचं तोंड पेटलं. साधं वरणही गालाला झोंबे. वाक्य फेकायला तोंड उघडलं की डोळ्यांत पाणी.

त्यात सुनेचं काम करणाऱ्या रत्नमालानं सासूची सगळी वाक्यं पाठ करून ठेवलेली. "काकू, तुमाले नाई जमलं तर मी आहोच. सून काय, कोनीबी करते," असं ती रोज मायेनं सांगायची. ती माया विजयाला वरणापेक्षा जास्त झोंबायची.

नवरा देवराव प्लांटात क्लार्क. त्यांचं निदान तयार होतं. "तुही ताकद कमी झाली," म्हणत ते रोज सकाळी गुळवेलीचा कढत काढा घेऊन पुढ्यात उभे राहत. ती नाक दाबून पिई आणि तोंड आणखीच पेटे.

शेवटी दोघं मोहन नगरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी गालात बॅटरी मारली. आत लालसर कातडीवर पांढरी नाजूक जाळी पसरली होती. त्यांनी कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "कॅन्सर नाही. याला लायकेन प्लॅनस म्हणतात. याची कुणाला लागणही होत नाही."

"मग हे होते कावून?" देवरावांनी विचारलं.

"समजा, गेटवरच्या गार्डाला तुमचा पास ओळखू आला नाही. तो शिट्टी मारेल. शिट्टी ऐकून आणखी गार्ड धावतील, तेही शिट्ट्या मारतील. यांच्या रक्तातले रक्षक गालातल्या घरच्याच पेशींना परकं समजताहेत आणि एकमेकांना निरोप धाडून गर्दी वाढवताहेत."

"म्हंजे ताकद कमी नाई?"

"कमी कसली! ती चुकीच्या जागी लागलीय."

विजयानं नवऱ्याकडे पाहिलं. "आनखी पाजा काढा."

डॉक्टरीणबाई हसल्या. "हा आजार पुरता जाईल असं मी सांगत नाही. पण शिट्ट्या कमी करता येतात. हे मलम लावा. कढत, तिखट बंद. आणि तोंड फार ताणू नका."

"नाटकात ओरडाचं आहे जी मले."

"ते सध्या नकोच."

त्या संध्याकाळी तालमीत दिग्दर्शक सूर्यकांतनं हे ऐकलं आणि त्याची नजर रत्नमालाकडे वळली. ती पदर खोचून उठलीच.

"एक डाव पाहून तं घे," विजया म्हणाली आणि खुर्चीत बसली. प्रवेश साधाच होता: सून उशिरा घरी येते, सासू कडाडते. रत्नमाला आत आली. विजयानं मान वर केली. ओठ जेमतेम हलवत, अगदी हळू म्हणाली, "आलीस? बस. कुठं होतीस?"

रत्नमाला बसली.

"मी... भाजी आनाले गेली होती, काकू. खरंच."

हॉलभर हशा पिकला. "रत्नमाला, हे कुठं लिहिलंय?" सूर्यकांत ओरडला.

"मले भेव वाटलं न जी! ह्या ओरडत कावून नाईत?"

सूर्यकांतनं खिशातलं पेन काढून संहितेत सासूच्या वाक्यांपुढचं 'ओरडून' पानापानावर खोडायला घेतलं.

"घे पुढचं वाक्य, रत्ने," विजया तितक्याच हळू म्हणाली.

रत्नमालानं ते लगेच घेतलं.